पेपरवरचा खोडवा

मी साळंचं तोंड एकदाच बघितलं, ते बी आमची शेळी आत शिरली व्हती म्हणून. तवा हे जे तुमी वाचताय ते मी बोललोय आन पुतणीनं लिवून घेतलंय. ती मधनंच टोकती, "काका, न्हाय न्हवं, नाही." मी म्हणलं, "न्हाय तर न्हायच लिव. आपल्या गावात कुणी नाही म्हणलं तर लोक त्याला तलाठी समजत्यात."

बारामती-इंदापूरकडं जाऊन काय बघितलं ते सांगायचंय. जायचं कारण असं झालं. माझी धाकली बहीण सुमी, ती इंदापूर तालुक्यात बावड्याला दिलीया. आमी करमाळ्याकडचं, मधी उजनीचं पाणी. पलीकडनं येणाऱ्या मासळीवाल्यानं एक दिवस निरोप आणला, "तुमच्या सुमीनं टोमॅटो काढला, आता पेपरवर काकडी घेतलीया." मला पेपर एकच म्हायती, हाटेलात भजी बांधून देत्यात तो. मी गावभर सांगत सुटलो, सुमीची काकडी पेपरात आली. पारावर मास्तरांनी पेपर उलटापालटा करून बघितला. त्यात पुढारी घावलं, चोर घावलं, काकडी काय घावंना. मास्तर म्हणलं, "उद्याच्या अंकात असंल." दुसऱ्या दिवशी बी बघितला त्यांनी.

मंग मासळीवाल्यानंच उलगडा केला. पेपर म्हंजी प्लास्टिकचा कागद. गादीवाफा करायचा, त्याच्यावर ठिबकची नळी टाकायची, वरनं हा कागद ताणून आंथरायचा आन भोकं पाडून रोपं लावायची. मल्चिंग पेपर म्हणत्यात तिकडं. तण येत न्हाय, ओल उडत न्हाय, आन एकदा आंथरला की त्याच कागदावर एकामागं एक दोन-तीन पिकं घेता येत्यात. आमच्या गावातल्या चौघांच्या मनात तसला कागद व्हताच. कुणीतरी जाऊन नीट बघून यावं असं ठरलं. ज्याला काम न्हाय त्यानं जावं, असं एकजण म्हणला, आन सगळ्यांनी एकदम माझ्याकडं बघितलं.

पाण्यावरनं

एष्टीनं गेलं तर टेंभुर्णीवरनं लांबचा वळसा. म्हणून कुगावच्या काठावरनं होडी धरली. होडीत दोन मोटारसायकली, तीन शेळ्या, एक पिठाची गिरण आन आमी माणसं. आमच्याकडं एष्टीत कोंबडी नेली तर कंडक्टर भांडतो. हितं नावाडी शेळीला म्हणत व्हता, "सरकून बस गं बाई."

मधल्या पाण्यात आल्यावर लांब उथळ काठाला मला पांढरं-गुलाबी कायतरी दिसलं. हजारभर डोकी, माना खाली घालून चरत्यात. मेंढरामागं माझा बाप गेला, आजा गेला, मी बी निम्मा गेलो. मला वाटलं कुणाचं तरी खांड पाण्यात शिरलं, आता बुडतंय. मी उभा ऱ्हायलो आन काळजापासनं हाळी दिली, "हुर्र, हुर्र, हाऽय!" त्या मेंढरांनी पंख उघडलं आन उडून गेली.

नावाडी म्हणला, "पाव्हणं, रोहित पाखरं हायेत ती. खाली बसा, न्हायतर तुमाला बघाय मेंढरं येतील."

मग तो वल्हवत ऱ्हायला. थोड्या येळानं म्हणला, "आता आपण माझ्या चुलत्याच्या वसरीवरनं चाललोय." धरण झालं तवा गाव पाण्याखाली गेलेलं. मी उगंच पाय वर घेतलं. आमच्याकडं पाणी गाव सोडून जातं, हितं पाणीच गावात ऱ्हायला आलंय. दोन्हीतलं बरं काय ते मला ठरवता येईना.

शिरसोडीच्या काठाला उतरलो तर तितं एक बाई कढईत चिलापी तळत व्हती. उजनीचा मासा, वरनं तिखट लावलेला, कडंला ज्वारीची भाकरी. मी इतक्या घाईनं खाल्ला की काटा घशात बसला. बाई म्हणली, "कोरडी भाकरी गिळा." गिळली. काटा गेला न्हाय, म्हणून आणखी एक भाकरी घेतली. तिसऱ्या भाकरीला बाई म्हणली, "काटा कवाच गेलाय पाव्हणं, तुमी नुसतं जेवताय."

बावड्याचा मळा

सुमीच्या घरात तीनच माणसं. सुमी, तिचा मालक आन सासरा. दाजी ऊस वाहायच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, हंगामात घरी असला तरी झोपलेलाच असतो, म्हणून त्यांचं हितंच संपवतो. सासरं म्हंजी तात्या. उंच, वाळलेलं, मिशीला तेल. सगळा जन्म उसात गेला. आमच्याकडं पाव्हणा आला की पहिलं पाणी देत्यात, मग इचारत्यात पाऊस झाला का. तात्यांनी मला उसाच्या बांधावर नेऊन उभं केलं, ऊस दाखवला, आन इचारलं, "तुमच्याकडं टोळी आली का?" तोडणीवाली टोळी. म्हणलं, "तात्या, आमच्याकडनंच टोळी तुमच्याकडं आलीया."

सुमीचा तुकडा उसाच्या पल्याडला. चार बाजूंनी ऊस आन मधी चांदीगत चमकणारं रान. कागद वरनं चंदेरी, आतनं काळा. मी कौतुकानं सरळ वाफ्यावर चढलो. पायात आमच्या धनगरी वहाणा, तळाला नाल मारलेल्या. चार पावलात चार भोकं.

सुमी वरडली, "दादा! उतर आदी! तुला दुसरं पीक लावायचंय का माझ्या रानात?"

तवापासनं मी तितं अनवाणी फिरलो. दुपारी त्या चंदेरी कागदाकडं वाकून बघत ऱ्हायलो तर संध्याकाळी हनुवटी भाजली. ऊन वरनं लागतं हे म्हायती व्हतं, खालनं बी लागतंय हे तितं कळलं.

सुमीनं कागदाची कड उचलून दाखवली. काळी नळी, तिच्या भोकातनं थेंब थेंब पाणी. आमच्या तालुक्याला दवाखान्यात लावत्यात तसलं सलाईन. मी इचारलं, "पेशंट बरा व्हईल का?"

ती हासली न्हाय. म्हणली, "तेच तर बघायचंय."

तिनं मग सगळं सांगितलं. हा तुकडा आदी उसातच व्हता. सुमीनं हट्टानं मागून घेतला. पहिलं पीक टोमॅटो, चांगला निघाला, ती सोता इंदापूरच्या बाजारात बसून इकायची. टोमॅटो सरल्यावर तिनं झाडं उपटली न्हाईत, बुडापासनं इळ्यानं कापली. मुळ्या खाली तशाच, कागद फाटला न्हाय. दोन जुन्या भोकांच्या मधी नवं भोक पाडून काकडी लावली. पर तात्यांचं म्हणणं, एक पीक आलं ते नशिबानं. दुसरं आलं तर रान तुजं. न्हाय आलं तर कागद गोळा करायचा आन ऊस लावायचा. बेणं राखून ठेवलंय, गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवलंय, एक आठवडी बाजार सोडून पुढला झाला की येऊन नांगर घालणार.

"दादा, ह्या घरात मी चहात साखर किती घालायची ते बी इचारून घालती," सुमी म्हणली. "ह्या एवढ्या रानात मी कुणाला इचारत न्हाय."

मला ते ऐकून भरून आलं. आपण बहिणीसाठी कायतरी केलं पायजे असं वाटलं. माझ्यासारख्या माणसाला असं वाटणं लय धोक्याचं असतं.

काकडीचं येल हातभर झालं व्हतं, पर पानं जरा फिकी. संध्याकाळी ओट्यावर तात्या म्हणलं, "ती काकडी म्हंजी काय? पेपरवरचा खोडवा."

खोडवा तुमाला म्हायती हाय. ऊस तोडला की त्याच बुडख्याला परत फुटवा येतो, ते दुसरं पीक. मला तर एकदम उजेड पडला. मी सोमेश्वरनगरला तोडीला दोन हंगाम कोयता मारलाय. मी म्हणलं, "तात्या, लाखातलं बोललात. आन खोडव्याला काय लागतं?"

"जादा खत," तात्या म्हणलं. "पहिल्या पिकानं रान खाल्लेलं असतंय."

"जादा खत!" मी म्हणलं. "म्हणून पानं फिकी. पोर उपाशी हाय!"

आजपातूर तात्यांचं आन माझं कशावर पटलं न्हवतं. लग्नात मानपानावरनं दोघं रुसलो व्हतो, एकाच येळी, दोन कोपऱ्यात. त्या दिवशी पटलं. तात्या इतकं खुश झालं की त्यांनी आणखी एक शहाणपण दिलं, "आन कागदाखाली ओल टिकतीया, तवा पाणी कमी कर. इहिरीचं पाणी माझ्या उसाला लागतंय."

सुमी म्हणली, "मामंजी, टोमॅटोला मी थोडं थोडंच खत—"

"टोमॅटो पहिली लागण व्हती, ही खोडवा हाय," आमी दोघं एका तोंडानं म्हणलो.

दोन म्हातारी एका बाजूला झाल्यावर बाई काय करणार. तिनं युरिया आन पांढरं पोटॅश बादलीत इरघळवून खताच्या टाकीतनं नळीत सोडलं, रोजच्या दुप्पट. पाणी निम्मं केलं.

दोन-तीन दिवसांनी पानांच्या कडा तपकिरी झाल्या, चुलीजवळ धरल्यागत. सुमी इंदापूरला गेली व्हती. मी रानात एकटा. कागदाच्या भोकाभोवती पांढरं पांढरं धरलेलं. तात्यांची शेळी दावं तोडून आली आन ते पांढरं चाटाय लागली. एका भोकावरनं दुसऱ्या भोकावर, वळीनं, जणू तिला कुणी रोजंदारीवर लावलीया. मला हासू आलं. म्हणलं, बघा, सुमीच्या रानात शेळी बी कामाला. तिला दगड मारून हाकलली आन पानं बघितली. म्हणलं, येवढं खाऊन बी पोर वाळतीया म्हंजी भूक किती मोठी! आन मी, बहिणीला खुश करायला, आणखी एक बादली खत टाकीत वतलं.

सुमी परत आली ती सरळ रानात. पानं बघितली. टाकी बघितली. माझं पांढरं झालेलं हात बघितलं.

"दादा, तू हे काय केलंस?"

"खोडव्याला..."

"आणखी एकदा खोडवा म्हणलास तर तुला ह्या नळीनं बांधीन!" ती खाली बसली. रडली न्हाय. नुसती एक पान बोटानं चोळत बसली आन त्याचा भुगा झाला.

बांधावरनं तात्या म्हणलं, "मी म्हणलंच व्हतं, नशिबानं आलं व्हतं. बाजार झाला की नांगर येतोय." पर त्यांचा बी आवाज नेहमीगत न्हवता.

सुमी उठली. म्हणली, "माळेगावला बबनराव हायेत. आमी गावातल्या बायका त्यांच्या रानात गेलतो, तितंच मी कागद आंथरायला शिकली. दादा, तू जा. मी रान सोडून हलणार न्हाय. न्हायतर तुमच्यापैकी कुणीतरी परत जेवाय घालंल त्याला." तिनं एक येल मुळासकट काढला, भोकाजवळची ढेकूळ घेतली, आन दोन्ही पेपरात बांधून दिलं. खऱ्या पेपरात.

माळेगावला

इंदापूरपातूर वडापच्या जीपनं गेलो. जीपमधी एवढी माणसं की कोण कुणाच्या मांडीवर हाय ते उतरताना कळलं. तितनं एष्टीनं बारामती. बारामतीचा स्टँड बघून मी वहाणा काढाव्या का नगं ह्या इचारात पडलो, एवढा झाडलेला. बारामतीची माणसं चालत बी सरळ रेघंत. आमच्याकडं माणूस बाजारात गेला की तीन ठिकाणी बसतो, मग बाजार करतो. हितं कुणी बसलेलंच दिसंना.

माळेगावच्या रस्त्याला उसाच्या बैलगाड्यांची रांग, आन कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोड वास. ऊस बघून माझ्यातलं पोर जागं झालं. एका गाडीच्या मागनं कांडं वडलं. ते निघंना. मी जोर लावला, आन मोळीच सैल होऊन माझ्या अंगावर. गाडीवान मागं न बघता म्हणला, "मामा, दात हायेत का आदी ते बघा." दोन हायेत हालणारं. मी मोळी परत बांधून दिली आन कांडं न घेता गेलो.

बबनराव हा माणूस शिकलेला, गोरापान, आन आवाज असा की जवळ बसलेल्याशी बी पल्याडच्या बांधावरच्यागत बोलतो. त्यांच्या रानात सगळीकडं कागदच. एका ठिकाणी ढोबळी मिरची, दुसरीकडं टोमॅटो काढून कारलं लावलेलं. मी वहाणा बांधावर काढल्या. ते म्हणलं, "शहाणं पाव्हणं दिसताय." म्हणलं, "शहाणा न्हाय, भाजलेला हाय." चहा आला. मी पुडकं सोडलं.

त्यांनी येल उलटा केला, मुळ्यांची टोकं बघितली. काळपट.

"काय काय केलं? सगळं सांगा."

मी सगळं सांगितलं. खोडव्याचं सांगताना तर छाती जरा पुढं बी आली. मधी हासवायचं म्हणून शेळीची गोष्ट सांगितली, कशी वळीनं चाटत गेली. बबनराव हासलं न्हाईत. चहा खाली ठेवला.

"कुठं चाटत व्हती?"

"भोकाच्या कडंला. पांढरं धरलंय तितं."

"मेंढरं राखलीत ना तुमी? जनावर माती कशाला चाटतंय?"

मीठ. आरं, खारवट जमीन हुडकायची तर आमी मेंढरं सोडतो! शेळीनं मला धडधडीत सांगितलं, आन मी तिला दगड मारला.

"चाखा," बबनराव म्हणलं. ढेकळाचा तुकडा जिभंवर ठेवला. खारट, कडसर. चहा घेतला वरनं, तर चहा बी खारट.

"आता ऐका," ते म्हणलं, आन त्यांचा आवाज शेजारच्या गावात गेला असंल. "उसाचं रान उघडं. पाटाचं पाणी वरनं, पाऊस वरनं, खत धुपून जातंय. म्हणून खोडव्याला जादा लागतं. ते बरोबर. पर हितं वरनं छत हाय. पाऊस आत येत न्हाय, खत बाहेर जात न्हाय. टोमॅटोला दिलेल्यातलं बरंच अजून तितंच बसलंय. दुसऱ्या पिकाला पहिल्यापेक्षा कमी लागतं. तुमी दुप्पट दिलं. परत दिलं. आन पाणी तोडलं! पाणी असतं तर मीठ मुळ्यांच्या खाली गेलं असतं. तुमी काकडीचं लोणचं घातलंय पाव्हणं, आन ते बी जित्या काकडीचं."

"मग पानं फिकी का व्हती?"

"जुनी नळी. टोमॅटोत भोकं बुजली असतील निम्मी. तहान व्हती ती, भूक न्हवं."

मी इचारलं, "आता काय? मातीच द्यायची का?"

"का? आतलं पान बघा, हिरवं हाय. खत बंद. टाकी धुऊन पालथी घाला. सगळी नळी तपासा, बुजलेलं भोक मोकळं करा. मग नुसतं साधं पाणी, भरपूर. येळभर सोडायचं, थांबायचं, मुरू द्यायचं, परत सोडायचं. कागदाखाली हात घालून माती मुठीत दाबा, वल खोलवर गेली का बघा. नवं पान चांगलं आलं की मग चिमटीनं खत द्या. आदी साधं पाणी, मधी खत, शेवटी परत साधं पाणी, नळी धुऊन निघाली पायजे. आन बहिणीला सांगा, झाडं कापली उपटली न्हाईत ते लय झ्याक केलं. टोमॅटोवर त्याच्याच भाऊबंदातली मिरची लावली न्हाय, काकडी लावली, ते बी झ्याक. एक रोग दुसऱ्याच्या गळ्यात पडला न्हाय."

"ते तिला खोडव्यावरनंच सुचलं असंल," मी म्हणलं. "ऊस बी बुडापासनंच तोडत्यात."

बबनराव आता हासलं. "मग शब्द निम्मा बरोबर हाय. तुमी उरलेला निम्मा वापरला."

परत बावड्याला

पाणी भरपूर सोडायचं म्हणणं सोपं. कॅनॉलचं आवर्तन अजून सुटायचं व्हतं, इहिरीत व्हतं तेवढंच पाणी, आन त्या पाण्याची पाळी तात्यांच्या उसाची. तो ऊस बी तहानलेला, पानं गुंडाळलेली. जे रान तात्यांना नांगरायचं व्हतं त्याच रानासाठी त्यांच्याच उसाचं पाणी मागायचं. सुमी म्हणली, "मी मागितलं तर न्हाय म्हणतील, आन मग ते न्हाय कवाच फिरणार न्हाय."

म्हणून मी गेलो. तात्या ओट्यावर तंबाकू मळत व्हतं. मी खालीच बसलो, जमिनीवर.

"तात्या, काकडी माझ्यामुळं जळाली."

"हं."

"खोडव्याला जादा खत, हे डोकं माझं."

तात्यांनी चुना लावला. "माझं बी म्हणणं तेच व्हतं की."

"तुमी नुसतं खोडवा म्हणला. खत मी म्हणलो."

"जादा खत मीच म्हणलो पाव्हणं. मला आठवतंय."

"तरी वरची बादली माझीच."

"ती तुमचीच. पर पाणी तोडा हे मी म्हणलो." तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "म्हंजी माझं बी चुकलं म्हणा की."

"तुमचं कसं चुकंल तात्या? मी हाय की चुकायला."

तंबाकू तोंडात टाकायची ऱ्हायली त्यांची. आतनं सुमी भांडी घासत व्हती, तो आवाज थांबला व्हता. मी सगळं सांगितलं. छत, मीठ, शेळी, बुजलेली नळी. शेळीला तात्या हासलं, आतल्या आत, मिशी हालली नुसती.

"किती पाणी?"

"इहिरीतलं सगळं म्हणा."

"ऊस वाळंल माझा."

"ऊस तगंल तात्या, आवर्तन येस्तवर. काकडी न्हाय तगायची."

तात्या उठलं. वहाणा घातल्या, रानाकडं गेलं. बांधाजवळ जाऊन वहाणा काढल्या, हे मी बघितलं, आन मागनं आलेल्या सुमीनं बी बघितलं. त्यांनी भोकाजवळची माती चिमटीत घेतली, जिभंला लावली आन थुकली. मग इहिरीवर गेलं आन उसाचा कॉक बंद करून ठिबकचा उघडला.

लाईट आली तवा मोटार चालू झाली. मी आन सुमी अनवाणी, कागदाची कड उचलत, एकेक भोक बघत गेलो. बुजलेलं भोक सुमी टाचणीनं मोकळं करायची. मला टाचणी देत न्हवती. मी एकदा तोंडानं फुंकून बघितलं तर नळीतला गाळ घशात. त्या गाळाला बी काट्यावाल्या बाईचा इलाज लागू पडतो का बघाय मी भाकरी मागितली, ती बी दिली न्हाय.

पाणी सोडलं, थांबलो, परत सोडलं. दुसऱ्या दिवशी तसंच. मुठीत माती दाबली की गोळा व्हायचा, आन हात कोपरापातूर आत घातला तरी वल लागायची. भोकाभोवतीचं पांढरं निघून गेलं. जळालेली पानं जळालेलीच ऱ्हायली, ती काय परत हिरवी व्हत न्हाईत. पर शेंड्याला कायतरी चाललं व्हतं. सुमी रोज सकाळी वाकून बघायची. तात्या रोज एकटं जाऊन यायचं.

बाजार झाला. नांगर नगं असं तात्या म्हणलं न्हवतं. नांगर घाल असं बी परत म्हणलं न्हवतं. सकाळी ट्रॅक्टरचा आवाज ऐकू आला तवा सुमी रानातच व्हती. ती हातातली टाचणी तशीच धरून वाफ्याच्या तोंडाशी जाऊन उभी ऱ्हायली. ट्रॅक्टर बांधावर येऊन थांबला. ड्रायव्हर म्हणला, "तात्या, कुठल्या कडंनं घालू?"

तात्या खाली बसलेलं. कागदाच्या भोकात बोट घालून माती काढली, चाखली. थुकली न्हाय. मला म्हणलं, "बघा पाव्हणं."

मी चाखली. "आळणी," मी म्हणलं.

"आळणी," तात्या म्हणलं. मग त्यांनी येलाचा शेंडा दोन बोटांत धरून वर उचलला. तळहाताएवढं नवं पान, कड हिरवीगार, आन त्याच्या बगलंत पिवळी कळी.

ड्रायव्हरनं परत इचारलं, "तात्या, लोकं खोळंबल्यात. नांगर घालू का?"

"न्हाय. पंगत बसलीया."

ड्रायव्हरनं उसाकडं बघितलं, घराकडं बघितलं. "कुणाचं लगीन हाय?"

"लगीन न्हवं रं. ही दुसरी पंगत," तात्यांनी काकडीवरनं हात फिरवला. "आमी ह्याला खोडवा म्हणत व्हतो. खोडवा न्हवं हे. पहिली पंगत उठली, भांड्यात भात-आमटी उरलेली. दुसरी बसली की आदी भांड्यात काय हाय ते बघायचं, मग लागंल तेवढं वाढायचं. आमी दोघांनी झाकण न उघडताच नवी हंडी चढवली. जा तू. बसलेल्या पंगतीला कुणी उठवतं व्हय?"

ड्रायव्हरला काय कळलं देव जाणं. त्यानं ट्रॅक्टर मागं घेतला. सुमीनं पदर कमरंला खोवला, उगंच परत सोडला.

तात्या तिला म्हणलं, "आज काय वाढायचं?"

"आज नुसतं पाणी," ती म्हणली. "परवाला बघू."

"तुजं तू बघ. वाढणारी तू. आमी हात लावत न्हाय."

असं म्हणून तात्या जाऊन बांधावर बसलं. मी बी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो, दोन्ही हात मांडीखाली घेऊन.